सेकंडहँड रेंज रोव्हर: कुठली पिढी घ्यायची आणि कुठली नुसती बघायची

ज्यांना पूर्ण एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. मधली "अं… म्हणजे" वगैरे काढलीयत, बाकी बोललो तसंच आहे.

विषय माझ्या मामेभावामुळे निघाला. दादा साताऱ्याकडे असतो, पोल्ट्री आहे, दोन टिपर आहेत. गेल्या महिन्यात त्याने मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला: काळी रेंज रोव्हर, २०१४ ची, ३.० डिझेल, दिल्लीहून आलेली, ३४ लाख. खाली एकच ओळ, "तू इंजिनिअर आहेस, सांग घेऊ का." मी सॉफ्टवेअरवाला. पण घरात हा फरक कुणाला समजावत बसणार? आणि मामींनी वेगळा फोन करून सांगितलं की त्यातले १५ लाख एफडी मोडून येणार आहेत. मग मी जरा मनावर घेतलं.

आधी मूळ गणित. ४० हजार डॉलरच्या वर किंमत असलेल्या, बाहेरून पूर्ण बनून येणाऱ्या गाडीवर आपल्याकडे वर्षानुवर्षं १०० टक्के सीमाशुल्क होतं. त्यामुळे त्या काळातली मोठी रेंज रोव्हर नवी घेताना दीड-पावणेदोन कोटींच्या घरात जायची. दहा वर्षांत तिची किंमत चौथ्या-पाचव्या हिश्शावर येते. पण तिचे स्पेअर पार्ट, तिचं तेल, तिचे टायर, तिच्या मेकॅनिकचा तास यातलं काहीच चौथ्या हिश्शावर येत नाही. म्हणजे तुम्ही ३४ लाखांची गाडी घेत नाही, दीड कोटीची गाडी ३४ लाखांना घेता. चालवायला ती दीड कोटीचीच राहते. हे दादाला सांगितलं तर म्हणाला, "मग तेवढीच मजा पण येणार की." येणार, खोटं नाही.

आता पिढ्या. पहिली रेंज रोव्हर १९७० ची. चारही चाकांना कायम ताकद, लीफऐवजी कॉइल स्प्रिंग, आणि आत साधं प्लास्टिक, जे पाण्याने धुता यायचं. ती १९९६ पर्यंत चालली. दुसरी १९९४ मध्ये आली, तिला पी-३८ए म्हणतात. या दोन्ही आपल्या कामाच्या नाहीत, संग्राहकांच्या आहेत. पुढे जाऊ.

तिसरी, एल-३२२. इथे थांबायला हवं. ही गाडी म्हणजे तीन कंपन्यांनी हात लावलेला कोडबेस आहे. आखली बीएमडब्ल्यूने, कारण तेव्हा लँड रोव्हर त्यांची होती. २००० मध्ये त्यांनी ती फोर्डला विकली, गाडी २००१ च्या शेवटी लोकांसमोर आली. २००८ मध्ये फोर्डने जॅग्वार आणि लँड रोव्हर दोन्ही टाटांना विकल्या. एकाच मॉडेलमध्ये आधी बीएमडब्ल्यूची इंजिनं, मग जॅग्वारची पेट्रोल व्ही-८, मग २००६ पासून ३.६ लिटरची डिझेल व्ही-८, आणि शेवटी ४.४ डिझेल, आठ गिअरच्या ऑटोमॅटिकसकट. बाहेरून सगळ्या साधारण सारख्याच दिसतात. ज्याने जुना प्रोजेक्ट सांभाळलाय त्याला कळेल: फाइलचं नाव तेच, आतलं लॉजिक तीनदा बदललेलं, आणि कॉमेंट कुणीच लिहिलेली नाही.

त्यामुळे "एल-३२२ कशी आहे?" हा प्रश्नच चुकीचा. कुठल्या वर्षाची, कुठल्या इंजिनाची, ते विचारा. २००५ पर्यंतच्या गाड्यांचा पुढचा डिफरन्शिअल बदनाम आहे. शेवटच्या दोन वर्षांची ४.४ डिझेल सगळ्यात पिकलेली, मला विचाराल तर तिसऱ्या पिढीतली एकच घेण्यासारखी. आणखी एक गोष्ट आपल्याकडची. जॅग्वार लँड रोव्हर भारतात अधिकृतपणे आली २००९ मध्ये, पहिली शोरूम मुंबईत. म्हणजे कुणी तुम्हाला २००४ ची एल-३२२ दाखवत असेल, तर ती खासगीरीत्या आयात झालेली आहे. तिची सीमाशुल्काची कागदं बघितल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. ड्यूटी नीट भरली नसेल तर गाडी जप्त होते आणि विकणारा तोवर दुसऱ्या नंबरवर गेलेला असतो.

चौथी पिढी एल-४०५, २०१२ ची. दादाच्या फोटोतली हीच. पूर्ण ॲल्युमिनियमची मोनोकॉक बॉडी, एसयूव्हीमध्ये अशी ही पहिली, आणि आधीपेक्षा ४२० किलोपर्यंत हलकी. पाण्यातून जायची खोली ७०० मिलिमीटरवरून ९०० वर गेली. या आकड्यावर जरा थांबा, कारण आपल्याकडचे लोक त्याचा भलता अर्थ काढतात. ९०० मिलिमीटर म्हणजे हळू, एका चालीत, थोड्या वेळासाठी. रात्रभर पुराच्या पाण्यात उभी राहिलेली रेंज रोव्हर ही कुठल्याही बुडालेल्या गाडीइतकीच बुडालेली असते. किंबहुना जास्त, कारण कार्पेटखाली आणि डिकीच्या कडेला वायरिंग आणि मॉड्यूल भरलेली असतात. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, मुळाशी चिखलाची रेघ दिसते. स्टेपनीखालचा खळगा हाताने चाचपा. गाडीत सुगंधी स्प्रेचा फारच घमघमाट असेल तर तोही पुरावाच समजा.

ॲल्युमिनियमचं दुसरं टोक असं की गावातल्या गॅरेजला डेंट काढता येत नाही. लोखंडाचं पॅनेल ठोकून, पुट्टी लावून सरळ होतं. हे रिव्हेट आणि गोंदाने जोडलेलं असतं, काम करणारे निवडक आणि पॅनेल बरेचदा बदलावंच लागतं. मोठा अपघात होऊन स्वस्तात उभी केलेली एल-४०५ घेऊ नका. यावर माझं मत बदलणार नाही.

इंजिनं. ३.० व्ही-६ डिझेल शांत, ताकदवान, आणि तिची एक अफाट महाग खोड आहे: क्रँकशाफ्टच्या बेअरिंगचं फिरणं, आणि त्यातून क्रँक मोडणं. प्रत्येक गाडीत होतं असं अजिबात नाही, पण झालं की इंजिनच बदलायचं. कधी आधी ठकठक ऐकू येते, कधी काहीच येत नाही. आपल्या हातात एवढंच, की तेल वेळेवर बदललंय का ते बिलांवरून बघायचं. कंपनीचा लांबलचक अवधी विसरा, दर १० हजार किलोमीटरला बदललेलं असेल तर मालक शहाणा. शिवाय याच इंजिनात पुढे टायमिंग बेल्ट आणि मागे इंधन पंपाचा वेगळा बेल्ट असतो. "बेल्ट बदललाय" म्हणाले की विचारा, "दोन्ही?" समोरच्याच्या चेहऱ्यावर उत्तर दिसतं.

४.४ व्ही-८ डिझेल जास्त पिते, पण माझी पसंती तिलाच. ५.० पेट्रोलचा आवाज ऐकला की माणूस विरघळतो. मग टायमिंग चेन, टेन्शनर आणि कूलंटच्या प्लास्टिक पाइपांची बिलं आली की घट्ट होतो. २०१७ च्या शेवटी फेसलिफ्ट आलं, आत दोन १० इंची स्क्रीन आल्या. दिसायला भारी, पण फक्त स्क्रीनसाठी जास्त पैसे देणार असाल तर थांबा. त्या स्क्रीन हँग होतात, आणि हे मी रोज हँग होणाऱ्या गोष्टी बनवणारा माणूस सांगतोय.

पाचवी, एल-४६०, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये आली. मागची चाकंही ७ अंशांपर्यंत वळतात, त्यामुळे एवढं धूड गल्लीत वळतं. व्ही-८ पेट्रोल पुन्हा बीएमडब्ल्यूची, म्हणजे वर्तुळ पूर्ण! २०२४ पासून ती पुण्यात जुळवायला लागले आणि नव्या गाडीची किंमतच खाली आली. ज्यांनी त्याआधी पूर्ण आयात गाडी घेतली, त्यांची सेकंडहँड किंमत त्या दिवशी आपोआप पडली. आत्ता ही सेकंडहँड घेत असाल तर तुलना पहिल्या मालकाने भरलेल्या रकमेशी नको, आजच्या शोरूमच्या किमतीशी करा. डीलर नेमकं उलट करतो.

आता ज्यावर दादाचा सौदा अडला ती गोष्ट. एअर सस्पेन्शन. चार चाकांवर स्प्रिंगऐवजी रबराच्या हवा भरलेल्या पिशव्या, एक कंप्रेसर, एक व्हॉल्व्ह ब्लॉक, आणि प्रत्येक कोपऱ्यात उंची मोजणारा सेन्सर. रबर म्हातारं होतं, बारीक चिरा पडतात, हवा हळूहळू गळते. सेन्सरला कळतं की कोपरा खाली गेलाय, तो कंप्रेसरला कामाला लावतो. कंप्रेसर दिवसातून थोडा वेळ चालायला बनवलाय, तो आता सारखा चालतो. त्यात हवेतली वाफ शोषणारा ड्रायर असतो, तोही पावसाळी हवेत लवकर भरतो, मग ओल आत शिरते. शेवटी कंप्रेसर जळतो, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. मेकॅनिक कंप्रेसर बदलतो, दिवा जातो, सगळे खूश. गळती मात्र तशीच. काही महिन्यांत नवा कंप्रेसरही जातो. लक्षण बंद केलं, बग राहिला.

याची परीक्षा फुकट आहे. गाडी सपाट जागेवर उभी करा, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत चारही बाजूंनी टेपने मोजा, बंद करून रात्रभर सोडा, सकाळी सुरू करण्याआधी परत मोजा. दादाला सांगितलं. डीलर म्हणाला, असं कुणी करत नाही. दादा म्हणाला, मी करतो. सकाळी मागचा डावा कोपरा तीन बोटं खाली! डीलर म्हणाला, "साहेब, थंडीने होतं." पुण्यात, मे महिन्यात.

दुसरी परीक्षा स्कॅनची. साधा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर फक्त इंजिनाचे कोड वाचतो. या गाडीत डझनावारी कंट्रोल युनिट आहेत, ती सगळी वाचणारं लँड रोव्हरचं टूल असलेला माणूस शोधा आणि त्याचे पैसे आनंदाने द्या. एक खबरदारी: बॅटरी कमकुवत असेल तर निम्मी युनिट खोटी रडतात. आधी बॅटरी पूर्ण चार्ज, मग कोड पुसायचे, मग २०-३० किलोमीटर फिरायचं, मग परत वाचायचे. पहिल्या वाचनात एकही कोड नसेल तर खूश होऊ नका, कुणीतरी अर्ध्या तासापूर्वीच पुसलेत. चेसिस नंबरचं दहावं अक्षरही बघा. त्यावरून मॉडेल वर्ष कळतं: डी म्हणजे २०१३, ई म्हणजे २०१४, एफ २०१५, जी २०१६, एच २०१७. आय वापरत नाहीत, म्हणून जे म्हणजे २०१८. दादाच्या "२०१४" गाडीचं अक्षर डी निघालं. नोंदणी २०१४ ची, गाडी आधीच्या वर्षाची. लबाडी नाही, पण किमतीत मोजायची गोष्ट.

दादाने ती सोडली. मामींची एफडी सध्या शाबूत आहे. त्याला मी म्हटलंय, २०१६-१७ ची ४.४ बघ, आणि गाडीच्या पैशांव्यतिरिक्त ५ लाख बाजूला ठेव, ज्यांना "पहिलं वर्ष" असं नाव दे. तेवढे नसतील तर गाडी परवडत नाही, हप्ता बसत असला तरी.

राहिलं दिल्लीचं. २०१५ च्या हरित लवादाच्या आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर गंडांतर आलं, त्यानंतर कोर्टात वळणं येत राहिली, पण तिथल्या जुन्या डिझेल गाड्या स्वस्तात आपल्याकडे यायचं एक कारण हेच. त्या घेताना मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात हवी. कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५, आणि २९-३० तर लागतातच. महाराष्ट्रात रस्ता कर पुन्हा भरावा लागतो, आणि तो तुम्ही दिलेल्या ३४ लाखांवर नाही, गाडीच्या मूळ किमतीवरून, वयानुसार कमी करून काढतात. हा आकडा सौद्याच्या आधी आरटीओतून काढून घ्या. दादाच्या डीलरने तो "किरकोळ खर्च" या नावाखाली सांगितला होता.