‘झालं’ नव्हे, ‘केलं’ म्हणा!

“मामा, मी कुणाशी भांडलो नाही, हा काय माझा गुन्हा?”

भाचा तावातावाने विचारीत होता. पोरगा इंजिनियर, गुण चांगले, स्वभाव त्याहून चांगला, पण लागोपाठ तीन मुलाखतींतून हात हलवीत परत आला होता. ताईने त्याची पत्रिका काढून ठेवली होती आणि भावोजींनी ‘हल्ली ओळखीशिवाय काही होत नाही’ असा निकाल देऊन टाकला होता. मी पडलो मराठीचा मास्तर. या दोन्ही शास्त्रांत मला गती नाही. मी एवढेच विचारले, “अरे, पण तुला विचारलं काय होतं?”

प्रश्न असा होता : ‘सहकाऱ्याशी मतभेद झाल्याचा एखादा प्रसंग सांगा. त्या वेळी तुम्ही काय केलंत?’ आणि आमच्या चिरंजीवांचे उत्तर : ‘मी सर्वांशी मिळूनमिसळून वागतो.’

त्यांनी प्रसंग विचारला होता. याने स्वभाव सांगितला!

वाचकहो, हा फरक वाटतो तेवढा लहान नाही. ‘तुम्ही कष्टाळू आहात का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा उमेदवार अजून जन्मायचा आहे. म्हणून विचारणारेच शहाणे झाले. जॉन फ्लॅनगन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात तिथल्या हवाई दलासाठी काम करीत होते. ‘चांगला वैमानिक कसा असतो?’ असे ढोबळ न विचारता, ‘अमक्या वेळी त्याने नेमके काय केले?’ अशा घडलेल्या प्रसंगांच्या नोंदी गोळा करायच्या, ही त्यांची रीत. तिचे विवेचन त्यांनी १९५४ साली प्रसिद्ध केले. पुढे नोकरीच्या मुलाखतींतही हाच विचार आला. माणूस काल जसा वागला तसाच तो उद्या वागण्याचा संभव अधिक. तेव्हा मते विचारू नका, घडलेले विचारा.

अशा उत्तराची एक सोपी चौकट आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘स्टार’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रसंग, जबाबदारी, कृती आणि फळ. कुठे काय घडले, त्यात तुमच्यावर काय येऊन पडले, तुम्ही काय केले आणि त्यातून निष्पन्न काय झाले. पहिल्या दोन्ही गोष्टी दोन-तीन वाक्यांत आटपाव्यात; खरा वेळ कृतीला द्यावा. सगळे मिळून दोन मिनिटे पुष्कळ झाली.

भाच्याजवळ चाळीस पाठ उत्तरांची वही होती. ती मी मिटून ठेवली आणि कोरा कागद पुढे केला. “पाच प्रसंग लिही. एक मतभेदाचा, एक चुकीचा, एक अडचणीचा, एक पुढाकाराचा आणि एक कुणाकडून काही शिकल्याचा.”

“पण मामा, माझ्या आयुष्यात काही घडलेलंच नाही!”

मध्यमवर्गीय मुलांची ही ठरलेली तक्रार. घरचे लग्न, आजीचे आजारपण, कॉलेजचा प्रकल्प, सोसायटीचा गणपती हे सारे ‘घडणे’ नव्हे, अशी त्यांची समजूत असते. बऱ्याच वेळाने त्याने चार ओळी लिहिल्या : ‘गणेशोत्सवाच्या हिशेबात तूट आली. वाद झाला. नंतर हिशेब जुळला. गैरसमज मिटला.’

माझा हात सवयीने लाल पेन्सिलीकडे गेला. या चार वाक्यांत माणूस कुठे आहे? हिशेब आपोआप जुळला, गैरसमज आपोआप मिटला! आपल्या मराठीत ही मोठी सोय आहे. ‘मी’पणा नको म्हणून आपण ‘झालं’ म्हणतो, आणि चूक लपवायची असली तरीही ‘झालं’च म्हणतो. मुलाखतीत मात्र ‘जुळला’ चालत नाही, ‘मी जुळवला’ लागते. ‘आम्ही सर्वांनी’ म्हटले, तर त्यात तुमचा वाटा कोणता, हे सांगावे लागते. ही बढाई नव्हे. हा कर्ता दाखवणे आहे.

“हिशेब जुळवला कुणी?” मी विचारले.

तो गप्प झाला. मग म्हणाला, “मीच. कारण चूक माझीच होती.”

एका पावतीपुस्तकाची जमा त्याने वहीत दोनदा मांडली होती. रोकड कमी भरली तेव्हा त्याने चारचौघांत मित्रावर संशय घेतला. रात्री पुन्हा सगळ्या पावत्या तपासल्या, चूक सापडली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच चौघांसमोर त्याने मित्राची माफी मागितली. पुढच्या वर्षापासून रोज संध्याकाळी दोघांनी हिशेब तपासायचा, असा नियमही त्यानेच घातला.

“पण हे कसं सांगू? त्यापेक्षा मित्राचा एखादा चांगला किस्सा माझा म्हणून सांगतो.”

उसना किस्सा पहिल्या प्रश्नाला तरतो, दुसऱ्याला बुडतो. ‘मग तो काय म्हणाला? तुमच्यापुढे दुसरा मार्ग कोणता होता?’ असे विचारले, की ज्याने ते भोगलेले नाही त्याची बोबडी वळते. उलट आपली चूक, ती निस्तरण्यासाठी केलेले काम आणि त्यातून लागलेली शिस्त एवढे नीट सांगता आले, तर तेच उत्तर भक्कम. फक्त चूक सांगून थांबू नये, आणि दुसऱ्याच्या माथी मारू नये.

स्वयंपाकघरात चकल्या तळीत असलेली ताई झारा हातात घेऊनच बाहेर आली. “हे तू मला कधी बोलला नाहीस!”

“तू रागावली असतीस, आई.”

ताई काही बोलली नाही. मीही बोललो नाही. माझ्याही घरी दोन मुले आहेत. गुणपत्रिका दाखवायला आपली मुले धावत येतात. चूक सांगायला ती किती वेळा येतात? जी गोष्ट घरी सांगायची सोय नाही, ती परक्या माणसासमोर कशी सुचावी?

नोकरीचे विचाराल, तर चौथ्या ठिकाणीही नकारच आला. पाचव्या ठिकाणी मिळाली. तिथे गणपतीची गोष्ट विचारली गेली की नाही, हे मी विचारले नाही. पण हल्ली ताईकडे रात्रीच्या जेवणाला एक नवा प्रश्न असतो : “आज काय चुकलं?” परवा म्हणे पहिले उत्तर भावोजींनी दिले.