फ्लोरिडाची फेरमोजणी : काय झालं, काय नाही

‘अल गोरच जिंकले होते, कोर्टाने बुश यांना खुर्चीत बसवलं.’ अमेरिकेच्या २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीबद्दल हे आजही ठासून सांगितलं जातं. प्रकरण इतकं सरळ नाही. गोर आणि बुश या दोन उमेदवारांमधला निकाल शेवटी फ्लोरिडा राज्यावर अडला होता.

फेरमोजणी झालीच नाही, हा पहिला गैरसमज. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार फरक अर्ध्या टक्क्याच्या आत असला की फेरमोजणी आपोआप होते. सुमारे साठ लाख मतांत बुश यांची आघाडी १,७८४ होती. यंत्रांनी पुन्हा मोजल्यावर ती काहीशेंवर आली. मग गोर यांनी चार काउंट्यांत हाताने मोजणी मागितली. व्होलुशा आणि ब्रॉवर्डची मोजणी पूर्ण होऊन अंतिम आकड्यात धरली गेली. पाम बीचला मुदत गाठता आली नाही. मायामी-डेडने काम अर्ध्यावर सोडलं. २६ नोव्हेंबरला जाहीर झालेलं मताधिक्य : ५३७.

यंत्राने मोजलं म्हणजे अचूक, हेही खरं नाही. अनेक काउंट्यांत मतदार टोकदार सळईने कार्डाला भोक पाडत. कागदाचा तुकडा कोपऱ्याला लोंबकळत राहिला किंवा नुसता खळगा पडला, तर यंत्राच्या लेखी मत नाहीच. म्हणून अधिकारी कार्ड उजेडासमोर धरून डोळे ताणत बसले होते. पण खळगा मत धरायचा की नाही, याचा निकष काउंटीगणिक वेगळा. त्यावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ९ पैकी ७ न्यायमूर्तींनी आक्षेप घेतला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ८ डिसेंबरला फर्मावलेली मोजणी थांबवण्याचा निर्णय मात्र १२ डिसेंबरला ५ विरुद्ध ४ असा झाला, आणि तो मला अन्यायाचा वाटतो. नियम एकसारखा नव्हता, तर तो आखून मोजायला लावायचं होतं.

मग मोजणी चालू राहती तर गोर जिंकले असते का? इथेच लोक सर्वांत जास्त चुकतात. वृत्तपत्रं आणि वृत्तसंस्थांनी एका संशोधन संस्थेकडून १,७५,०१० बाद मतपत्रिका तपासून घेतल्या. निष्कर्ष नोव्हेंबर २००१ मध्ये छापून आले. गोर यांनी मागितलेल्या चार काउंट्या मोजल्या तरी बुशच पुढे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फर्मावलेल्या मोजणीतही बुशच. राज्यभरातल्या सगळ्या बाद मतपत्रिका तपासल्या, तर मात्र गोर ६० ते १७१ मतांनी पुढे. आणि तशी मोजणी त्यांनी कोर्टात मागितलीच नव्हती.

काही मतं तर कुठलीच फेरमोजणी परत आणू शकत नव्हती. पाम बीचच्या मतपत्रिकेवर नावं दोन्ही पानांवर आणि भोकं मधोमध. डाव्या पानावर गोर दुसरे, पण त्यांचं भोक तिसरं. दुसरं भोक उजव्या पानावरचे आणखी एक उमेदवार पॅट बुकॅनन यांचं. बुकॅनन यांना तिथे ३,४०७ मतं पडली. त्यातली बरीचशी आपली नसावीत, असं ते स्वतःच म्हणाले. १९ हजारांहून अधिक मतपत्रिका एकाहून जास्त भोकांमुळे बाद झाल्या. फ्लोरिडाचा निकाल मोजणीच्या टेबलाआधी त्या मतपत्रिकेच्या मांडणीनेच फिरवला, असं माझं मत आहे. २००२ साली कायदा करून अमेरिकी संसदेने भोकांच्या कार्डांची यंत्रणा बदलण्यासाठी राज्यांना पैसे दिले.