आले आणि शोथ

स्वयंपाकघरात नित्य वापरले जाणारे आले हे वनस्पतीचे मूळ नसून जमिनीखाली वाढणारे खोड होय. हळद व वेलदोडा ही याच कुलातील. प्राचीन वैद्यकाने ओल्या आल्यास आर्द्रक व वाळलेल्यास शुंठी अशी निराळी नावे दिली. शुंठीस विश्वभेषज असेही म्हटले. हा भेद रसायनशास्त्रासही मान्य आहे. ताज्या आल्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉल या द्रव्यामुळे असतो. आले वाळताना त्यातील काही जिंजेरॉलच्या रेणूतून पाण्याचा एक रेणू निघून जातो व अधिक तिखट असे शोगॉल तयार होते. म्हणूनच सुंठ आल्यापेक्षा झणझणीत लागते.

सूज, लाली, उष्णता व वेदना ही शोथाची लक्षणे होत. शोथ ही मुळात शरीराची संरक्षक क्रिया आहे. परंतु ती दीर्घकाळ टिकल्यास सांध्यांसारख्या अवयवांची हानी होते. या क्रियेत प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये महत्त्वाचा भाग घेतात. अ‍ॅस्पिरिन त्यांच्या निर्मितीस प्रतिबंध करते, हे जॉन वेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखविले. ही द्रव्ये घडविणाऱ्या एंझाइमाचे कार्य जिंजेरॉलमुळेही मंदावते, असे पुढे प्रयोगशाळेत आढळून आले.

परंतु परीक्षानळीतील गुण रोग्याच्या देहात तसाच उतरेल असे नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत गुडघ्याच्या संधिवाताच्या २४७ रोग्यांचे निष्कर्ष तपासण्यात आले. काहींना आले व त्याच्याच कुलातील कुलिंजन यांचा अर्क, तर इतरांना औषधरहित कुप्या सहा आठवडे देण्यात आल्या. अर्क घेणाऱ्यांपैकी शेकडा ६३ जणांची उभे राहतानाची वेदना कमी झाली. औषधरहित कुप्या घेणाऱ्यांपैकी शेकडा ५० जणांचीही झाली! तुलनेसाठी दुसरा गट नसता, तर सर्वच श्रेय अर्कास मिळाले असते. शिवाय अर्क घेणाऱ्यांत पोटाच्या सौम्य तक्रारी अधिक होत्या.

तात्पर्य, आल्याचा गुण केवळ काल्पनिक नाही, तथापि तो मर्यादित आहे. आहारातील आले उपकारक असले, तरी त्यावर विसंबून संधिवाताचे उपचार सोडणे घातक ठरेल. रक्त गोठू न देणारी औषधे घेणाऱ्यांनी तर आल्याचे अर्क वैद्यांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. परंपरेने गुण सुचविला. त्याचे माप मात्र प्रयोगानेच ठरते.