फोनच्या स्क्रीनवर ओरखडे कशाने पडतात? उत्तर रोमन पेल्यात आहे!

नवीन फोन घेऊन आठवडाही झाला नव्हता आणि स्क्रीनवर ओरखडा! मी खिशातल्या किल्लीवर खापर फोडलं. पण किल्ली बिचारी निर्दोष होती.

कसं ते बघू. पदार्थाचा कठीणपणा मोजायला १ ते १० ची मोज स्केल असते. जास्त आकड्याची वस्तू कमी आकड्याच्या वस्तूवर ओरखडा काढते. पितळेची किल्ली ३-४ वर, काच साडेपाच-सहाच्या आसपास आणि वाळूतलं क्वार्ट्झ थेट ७ वर. म्हणजे खरी गुन्हेगार खिशातली धूळ. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात धुळीला काय तोटा!

रोमन लोकांनी हेच वापरलं

सुमारे १,९०० वर्षांपूर्वी रोमन कारागीर स्वच्छ, रंगहीन काचेचे पेले बनवायचे. त्यावर बाहेरून मधाच्या पोळ्यासारखे पैलू असत. आपण याला 'कट ग्लास' म्हणतो, पण ही काच सुरीने कापत नाहीत, घासतात. फिरतं चाक, पाणी आणि काचेहून कठीण भुकटी. आधी जाड दाण्याने आकार, मग बारीक दाण्याने चमक.

काच आपल्याकडेही यायची. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरात कच्ची काच उतरत असल्याची नोंद आहे. त्याच बंदराकडे पैठणहून ऑनिक्स दगड जायचा. आणि आपल्या नागपूरजवळच्या माहुरझरीत अकीकाचे मणी बनायचे. तिथेही घासूनच चमक आणावी लागे.

मग फोनची काच 'मजबूत' कशी?

ही काच गरम पोटॅशियम क्षारात बुडवतात. पृष्ठभागातले लहान सोडियम आयन बाहेर पडतात, मोठे पोटॅशियम आयन आत शिरतात. जागा तेवढीच, म्हणून पृष्ठभाग घट्ट दाबला जातो आणि काच सहज फुटत नाही. पण वाळूपुढे ती काचच!

स्क्रीन गार्डवरचं '९एच' बघून भुलू नका. तो पेन्सिलच्या शिशाचा मापदंड आहे, मोज स्केलवरचा ९ नाही.

आता मी फोन शर्टाला घासत नाही. आधी धूळ हलकेच झटकतो, मग स्वच्छ, मऊ कापडाने पुसतो. धुळीसकट घासणं म्हणजे रोमन कारागिरी. ती पेल्यावर शोभते, स्क्रीनवर नाही.