उसळ आधीच ठरते

‘आज काय करायचं?’ हा प्रश्न संध्याकाळी सातला पडला, तर उत्तर बहुधा बटाटा असतं. मटकीची उसळ तेव्हा सुचून उपयोग नाही. तिचा निर्णय दीड दिवस आधी व्हावा लागतो.

कडधान्यात फायटिक आम्ल असतं. ते लोह आणि जस्त धरून ठेवतं, त्यामुळे ताटातलं लोह पुरतं अंगी लागत नाही. मटकी आठ-दहा तास भिजवून फडक्यात बांधली, की दाण्यातलंच फायटेज नावाचं विकर कामाला लागतं आणि हे आम्ल फोडतं. कोरड्या दाण्यात जवळजवळ नसलेलं क जीवनसत्त्वही मोड येताना तयार होतं. (शिजवताना त्यातलं काही जातं. वरून लिंबू पिळायचं ते नुसतं चवीसाठी नव्हे.) गॅस करणाऱ्या शर्करा थोड्याफार भिजवणीच्या पाण्यात उतरतात, म्हणून ते ओतून द्यावं.

राजमा तर घाईत करूच नये. त्यातलं लेक्टिन कच्चं राहिलं तर उलट्या होतात. रात्रभर भिजवून, पाणी बदलून, किमान 10 मिनिटं तो खळखळून उकळायलाच हवा.

आठवड्याचा तक्ता फ्रिजवर चिकटवण्याचा उत्साह सगळ्यांना नसतो, नसू दे. झोपण्यापूर्वी उद्या-परवाचं तेवढं ठरवा आणि वाटीभर मटकी भिजत घाला.