कॅमेऱ्यापुढे न आलेली खुर्ची

आयकिया या स्वीडिश कंपनीच्या कॅटलॉगमध्ये २००६ साली बेर्टिल नावाची एक साधी लाकडी खुर्ची छापली गेली. तिचा फोटो कुणी काढला नव्हता, ती संगणकावर घडवली होती. २०१० मध्ये अख्खी खोली तशीच उभी राहिली. कंपनीची गरजही रास्त होती. एकच स्वयंपाकघर अमेरिकेसाठी वेगळं, जपानसाठी वेगळं मांडायचं, म्हणजे दर वेळी सामान हलवा, सेट लावा, मोडा.

या कामाची शास्त्रीय बैठक आधीच तयार होती. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एका साध्या पेटीवर प्रयोग झाला. पेटीची एक भिंत लाल होती आणि तिची लाली शेजारच्या पांढऱ्या पृष्ठभागावर उतरत होती. भिंतीवरून भिंतीवर जाणारा हा प्रकाश तिथे गणिताने मोजला गेला. १९८६ मध्ये जेम्स काजिया यांनी प्रकाशाचा सगळा व्यवहार एका समीकरणात बसवला. ते सोडवताना संगणक असंख्य किरण सोडतो. किरण कमी पडले, तर चित्रात दाणे दिसतात.

पण गणित बरोबर असूनही चित्र खोटं वाटतं, ते बहुतेकदा कडेपाशी. संगणकातल्या टेबलाची कड सुरीसारखी धारदार असते. सुतार मात्र रंधा मारून, पॉलिश पेपर फिरवून ती किंचित गोल करतो, आणि त्या गोलाईवर उजेडाची बारीक रेघ चमकते. ती रेघ नसली की डोळ्याला खटकतं, कारण सांगता येत नाही. पॉलिशचंही तसंच. वरून पाहिलं तर लाकडाचे रेषे दिसतात, खाली वाकून खिडकीच्या दिशेने पाहिलं तर त्याच फळीत खिडकी दिसते. आणि प्रत्येक ड्रॉवरवर लाकडाची तीच गाठ आली, तर सोंग उघडं पडलंच.

आयकियातला एक प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. २००९ मध्ये वरिष्ठांनी तक्रार केली, की संगणकी चित्रं वाईट आहेत, ती थांबवा. तपासणीत निघालं ते उलटंच: नापसंत चित्रं खरे फोटो होते आणि आवडलेली संगणकावरची. कंपनीने छायाचित्रकारांना थ्रीडी शिकवलं आणि थ्रीडीवाल्यांच्या हाती कॅमेरा दिला. २०१४ पर्यंत एकेकट्या वस्तूंची सुमारे ७५ टक्के चित्रं संगणकावर होऊ लागली होती. माझ्या मते यश सॉफ्टवेअरपेक्षा या अदलाबदलीचं. कारण तिथे वापरलेलं, बल्गेरियात तयार झालेलं व्ही-रे हे सॉफ्टवेअर आपल्याकडच्या इंटिरियर डिझायनरांच्या ऑफिसातही सर्रास चालतं. तरीही अनेक थ्रीडी प्लॅस्टिकसारखे गुळगुळीत दिसतात, कारण काढणाऱ्याने खरी खोली निरखलेली नसते.

म्हणून घराचा थ्रीडी मंजूर करण्याआधी डिझायनरला दोन गोष्टी विचारा: कॅमेरा किती उंचीवर ठेवलाय आणि लेन्स किती रुंद घेतलीय? रुंद लेन्समध्ये छोटी बेडरूमही हॉलएवढी दिसते. आणि लॅमिनेटचा तुकडा मागून घ्या, तो आपल्याच खिडकीपाशी, दिवसाउजेडी धरून पाहा. मगच ॲडव्हान्स द्या.