हॉलमधल्या कॉम्प्युटरसाठी कीबोर्ड घेताना आधी ‘च’ कुठे आहे ते बघा

आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत हल्ली एकच गोष्ट दिसते. मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी गेली, त्यांचा कॉम्प्युटर मागे राहिला, आणि पुढच्या सुट्टीत त्यांनीच तो हॉलमधल्या टीव्हीला एचडीएमआय वायरने जोडून दिला. सोय चांगली आहे. नातवंडांशी बोलणं मोठ्या पडद्यावर होतं, नाटकं बघता येतात, मंडळाची ऑनलाइन बैठक सोफ्यावर बसून होते. अडतं ते एकाच ठिकाणी. तारेचा कीबोर्ड सोफ्यापर्यंत पोचत नाही, आणि पोचला तरी माऊस फिरवायचा कशावर? मांडीवरच्या उशीवर तो चालत नाही. मग टचपॅड असलेला छोटा वायरलेस कीबोर्ड घेऊ या, असं ठरतं.

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला फोन करून विचारलं की कोणता घ्यावा, म्हणून हे लिहितो आहे. मी कॉम्प्युटरमधला जाणकार नाही. बँकेत हाताने लिहायच्या लेजरपासून कोअर बँकिंगपर्यंत सगळं पाहिलं, त्यामुळे कागदावरच्या अटी वाचून मग सही करायची, एवढी सवय मात्र अंगात आहे. कीबोर्ड घेताना नेमका ती सवय विसरलो. म्हणून आधी आमच्याच घरची फजिती सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मी साडेआठशे रुपयांचा एक कीबोर्ड ऑनलाइन मागवला. आकार टीव्हीच्या रिमोटपेक्षा थोडा रुंद, दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी टाइप करायचं, मधोमध टचपॅड, आणि बटणांना निळा उजेड. दिसायला इतका सुबक की आलेल्या पाहुण्यांना मी तो कौतुकाने दाखवायचो. यूट्यूबवर नाट्यसंगीत लावा, आवाज कमी-जास्त करा, सगळं छान चालायचं.

अडचण आली ती ही लिहायला बसली तेव्हा. माझ्या आईने पदार्थांची एक वही लिहून ठेवली आहे. पानं तपकिरी पडली आहेत, शाई उडत चालली आहे, काही ठिकाणी तर फक्त हिलाच अक्षर लागतं. ती वही टाइप करून मुलांना पाठवायची असं हिने ठरवलं. हिची नोकरी शाळेच्या ऑफिसातली, हिंदीचं टायपिंग इनस्क्रिप्टवर झालेलं. पहिल्या दिवशी चार ओळी झाल्या, दुसऱ्या दिवशी दोन. मग वही टीव्हीखालच्या कप्प्यात गेली. विचारलं तर म्हणाली, “डोळे गेले आता माझे, अक्षरं सापडत नाहीत.” मलाही ते खरं वाटलं. वय झालं, असं मनातल्या मनात म्हणून मी विषय सोडला. तीन-चार महिने वही तशीच पडून होती.

दिवाळीला मुलगी आली. तिने कीबोर्ड हातात घेतला, दोन मिनिटं बघितला आणि म्हणाली, “आई, तुझे डोळे बरे आहेत. यात ‘च’ला बटणच नाहीये.”

हे कसं ते जरा सविस्तर सांगतो, कारण कीबोर्डबद्दल इंग्रजीत जे सल्ले मिळतात त्यांत ही गोष्ट कोणी सांगत नाही. सांगणारही कसं? त्यांना तिची गरजच नाही.

इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठी सरकारने ठरवलेली बटणांची मांडणी आहे. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ती प्रमाण मानली. हिंदी-मराठीला अक्षरांच्या जागा जवळपास त्याच, त्यामुळे आपल्यासारख्या मध्यप्रदेशात राहणाऱ्यांना एकदा हात बसला की दोन्ही भाषा येतात. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. आता इंग्रजीची अक्षरं २६, आणि आपली त्याहून कितीतरी जास्त. म्हणून इंग्रजीत जिथे स्वल्पविराम, अर्धविराम, कंस अशी चिन्हं असतात, त्या बटणांवरही इनस्क्रिप्टने आपली अक्षरं बसवली आहेत. इंग्रजी एलच्या उजवीकडे अर्धविरामाचं बटण आहे, त्यावर च आणि छ. त्याच्या शेजारी अवतरणचिन्हाचं, त्यावर ट आणि ठ. पीच्या उजवीकडे चौकोनी कंस उघडतो तिथे ड आणि ढ. खालच्या ओळीत तिरकी रेघ आहे तिथे य. उलटी तिरकी रेघ म्हणजे ऑफिस-डॉक्टरमधला ‘ऑ’. बरोबरच्या चिन्हावर ‘कृपा’ आणि ‘गृह’मधला ऋकार, आणि तेच बटण शिफ्टबरोबर दाबलं की ऋ.

छोटा कीबोर्ड बनवणारा पहिल्यांदा कात्री लावतो ती याच बटणांना. इंग्रजी लिहिणाऱ्याला चौकोनी कंस वर्षातून दोनदा लागला तर लागला. म्हणून तो काढून दुसऱ्या एखाद्या बटणावर बारीक निळ्या अक्षरात छापतात, आणि ‘एफएन’ नावाचं बटण दाबून धरलं की तो उमटतो. इंग्रजीला काही फरक पडत नाही. आपल्याला मात्र ‘ड’साठी दोन बटणं आणि ‘ढ’साठी एफएन, शिफ्ट आणि तिसरं, अशी तीन बटणं एकदम दाबावी लागतात. अंगठे दोनच असतात. वहीतले पदार्थ बघा: चकली, ठेचा, डाळवांगं, थालीपीठ, चिवडा, भुट्ट्याचा कीस. यांतला एकही पदार्थ त्या कीबोर्डवर सरळ लिहिता येत नव्हता. गेले तीन-चार महिने ही स्वतःच्या डोळ्यांना दोष देत होती आणि मी त्याला मान डोलावली होती, याची मला अजून लाज वाटते.

तर दुकानात कीबोर्ड हातात घेतला की सगळ्यात आधी बटणं मोजा. आकड्यांच्या ओळीत शून्याच्या उजवीकडे चिन्हांची दोन बटणं हवीत. त्याखालच्या ओळीत पीच्या उजवीकडे तीन. एलच्या उजवीकडे, एंटरच्या आधी, दोन. एमच्या उजवीकडे, शिफ्टच्या आधी, तीन. वरून खाली दोन-तीन-दोन-तीन. यातली उलटी तिरकी रेघ काही कीबोर्डांवर एक ओळ खाली एंटरला चिकटून असते, तेवढं चालेल. बाकी एक जरी बटण कमी असलं किंवा स्पेसबारच्या शेजारी भलतीकडे ढकललेलं असलं, तर तो कीबोर्ड मराठीसाठी घेऊ नका. ऑनलाइन घेत असाल तर वरून काढलेला फोटो मोठा करून मोजा. फोटोत नीट दिसत नसेल तर तो सौदाच करू नका. ज्यांचा हात जुन्या रेमिंग्टन पद्धतीवर बसलेला आहे त्यांनीही हेच करावं, कारण त्या पद्धतीचीही बरीच अक्षरं याच बटणांवर आहेत.

इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून मराठी उमटवणाऱ्यांची यातून सुटका आहे. विंडोज १०मध्ये २०१९च्या मे महिन्यातल्या अपडेटपासून मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आलेला आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी घातली की तो निवडता येतो. भाषा बदलायला विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबायचे. ही दोन्ही बटणं डाव्या हाताला सहज सापडतात का, तेही दुकानातच बघून घ्या.

आकाराबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे. अंगठ्यांनी चालवायचा हातभर नव्हे, वीतभर कीबोर्ड फक्त गाणी लावायला ठीक. ज्याला दोन ओळी लिहायच्या आहेत त्याने डावीकडे बटणं आणि उजवीकडे टचपॅड असा, मांडीवर ठेवायचा प्रकार घ्यावा. नेहमीच्या कीबोर्डवर एका अक्षराच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत साधारण १९ मिलिमीटर अंतर असतं. त्याच्या जवळपास असेल तर जुन्या बोटांना परकं वाटत नाही. लॉजिटेकचा के-४०० प्लस हा यातला ओळखीचा नमुना. सुमारे ३५ सेंटिमीटर रुंद, वजन चारशे ग्रॅमच्या आत, आणि डावीकडे वरच्या कोपऱ्यात क्लिकचं एक जादा बटण. उजव्या हाताने बाण हलवायचा आणि डाव्याने क्लिक करायचं, हे ज्यांची बोटं थरथरतात त्यांना फार सोयीचं पडतं. दुसऱ्या कंपन्यांचेही याच घडणीचे आहेत. आम्ही शेवटी या घडणीचाच घेतला.

टचपॅड निवडताना त्याला खाली वेगळी बटणं आहेत का ते बघा. नुसतं टिचकी मारून क्लिक होणारे टचपॅड तरुणांना आवडतात, आपल्या हातून मात्र नको तिथे टिचकी बसते. उतारवयात बोटांची त्वचा कोरडी होते आणि टचपॅड कधी कधी दादच देत नाही. थंडीत हे जास्त जाणवतं. हात किंचित ओलसर करून पुसला की काम होतं. पडद्यावरचा बाण सापडत नाही अशी तक्रार असेल तर त्यात कीबोर्डचा दोष नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये बाण मोठा करता येतो आणि रंगीतही. अक्षरंही दीडशे टक्के करून घ्या. दहा फुटांवरून बघायचं आहे.

आता जोडणी. एक प्रकार यूएसबीत खुपसायच्या नखाएवढ्या रिसीव्हरचा, दुसरा ब्लूटूथचा. ब्लूटूथमध्ये हरवायला काही नसतं, पण कॉम्प्युटर सुरू होताना, विंडोज येण्याआधी काही दाबायची वेळ आली, तर बहुतेक वेळा तो कीबोर्ड कामी येत नाही. घरात मदतीला मुलं नसतील तर रिसीव्हरवालाच बरा. फक्त तो कुठे लावता ते महत्त्वाचं. आमचा नवा कीबोर्ड पहिल्या आठवड्यात अक्षरं गिळायचा, मधूनच एक अक्षर चारदा उमटवायचा. परत करायला निघालो होतो. कारण निघालं असं की रिसीव्हर टीव्हीमागे, पत्र्याच्या डब्याच्या पाठीला आणि निळ्या यूएसबी ३ पोर्टात होता, आणि शेजारीच बाहेरची हार्डडिस्क लावलेली. यूएसबी ३च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओचा गोंगाट होतो. इंटेलने २०१२ सालीच यावर लेख काढला होता. हे कीबोर्ड चालतात तेही त्याच पट्ट्यात. एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेतली, रिसीव्हर टीव्हीच्या पुढे, दिसेल असा ठेवला, आणि तक्रार संपली.

बॅटरीचं थोडक्यात. आत बसवलेली, चार्ज करायची बॅटरी ऐकायला आधुनिक वाटते, पण दोन-तीन वर्षांत ती दमते आणि बदलून देणारा सापडत नाही. डबल-ए मापाचे पेन्सिल सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतात. बंद-चालूचं बटण असलेलाच घ्या. मुलांकडे सहा महिने जाणार असाल तर सेल काढून ठेवा, नाहीतर पाझरून आतली पत्री खातात.

आणि एक गोष्ट बँकवाला म्हणून सांगतो. वायरलेस कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक अक्षर हवेतून जातं. २०१६ साली बॅस्टिल या अमेरिकन कंपनीतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की आठ कंपन्यांचे काही स्वस्त कीबोर्ड अक्षरं कुठलीही गुप्तता न ठेवता, उघडीच पाठवत होते. शेजारच्या इमारतीत योग्य यंत्र घेऊन बसलेल्या माणसाला ती वाचता आली असती, पासवर्डसकट. म्हणून डब्यावर ‘एन्क्रिप्शन’ किंवा ‘१२८ बिट एईएस’ असं लिहिलेलं आहे का ते वाचा. लिहिलेलं नसेल तर नाही असंच धरून चाला. आणि असलं तरी बँकेचं काम हॉलमध्ये करू नका. त्रेचाळीस इंची पडद्यावर तुमची शिल्लक मोलकरणीपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांना दिसते. माझ्या नोकरीत मी जितके पासवर्ड फुटलेले पाहिले त्यांतले बहुतेक शेजारी बसलेल्या माणसानेच पाहिले होते. ते काम आपल्या खोलीत, आपल्या फोनवर.

आईच्या वहीची चव्वेचाळीस पानं झाली आहेत, अजून लोणची बाकी आहेत. जुना निळ्या उजेडाचा कीबोर्ड नात आली की गाणी बदलायला वापरते. कोणाला दोन्ही हातात घेऊन बघायचे असतील तर रविवारी सकाळी या. येण्याआधी फोन करा, म्हणजे पोहे भिजत घालता येतील.